लाल टिपक्यांची मशीनं

पूल मागे पडला, निम्मी वाट सरली, तरी दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं. रस्ता खणून ठेवल्यामुळे आठवडाभर बस बंद होती, म्हणून वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर मेस्त्री साडेआठलाच घरून पायी निघाले होते. दहा वाजता, गेम झोन उघडायच्या आधी, मॅनेजरने दोघांनाही बोलावलं होतं. निरोप वहिनींकडेच दिला होता: मेस्त्रींना सांगा, नऊच्या नऊ मशीनच्या चाव्या बरोबर आणा.

मेस्त्री भिंतीच्या कडेने चालत होते. डावा हात भिंतीला लागेल न लागेल असा, उजव्या हातात हत्यारांची पिशवी. वहिनी दोन पावलं मागे राहून बघत होत्या. एरवी हा माणूस रस्त्याच्या मधोमध चालायचा. मागून कुणी हॉर्न वाजवला तर म्हणायचा, 'वाजव, वाजव, बिघडला की माझ्याकडेच आणशील.' तो आज भिंतीला धरून का चालतोय? मान खाली घालून एकेक पाऊल जपून का टाकतोय? कर नाही त्याला डर कशाला, असं वहिनींच्या मनात आलं, आणि आलं तसं त्यांनी मनातच देवाचं नाव घेतलं. आपल्या घरात दोन वेळा जेवणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणं बरं नाही, हे त्यांना कळत होतं. पण मनाला कुठे दार असतं लावून घ्यायला.

"कशाला बोलावलंय, काही कळलं का भाऊजी?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"एकट्याला चहा जात नसेल त्याला."

"थट्टा नको."

"मग काय करू, रडत जाऊ? वाट लांब आहे वहिनी, घसा सुकेल."

कशाला बोलावलंय ते वहिनींना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्यामुळेच तर बोलावलं होतं.

दुकानांच्या मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो गेम झोन होता. गाड्यांच्या शर्यतीचे, बंदुकीचे, ढोल बडवायचे खेळ होते, ते बघायला त्या त्या कंपनीची माणसं येत. पण काचेच्या पेटीत मऊ खेळणी भरलेली आणि वरून लोखंडी पंजा खाली येऊन ती उचलणारी नऊ मशीनं होती, ती सोळा वर्षं एकट्या मेस्त्रींच्या ताब्यात होती. म्हणून तिथे सगळे त्यांना 'पंजेवाले' म्हणत.

बघणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. दांडी हलवायची, बटण दाबायचं, पंजा खाली उतरतो, खेळणं हाताला लागलं तर तुमचं, सुटलं तर नशीब. पण त्या पंज्याच्या डोक्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यात वीज आली की ती तिन्ही बोटं आवळते. किती जोराने आवळायची, ते मागच्या दाराआडच्या एका बारीक स्क्रूवर ठरतं. स्क्रू केसभर इकडे झाला तर पंजा अस्वलाला नुसता गोंजारून सोडतो. केसभर तिकडे झाला तर पेटी जेवणवेळेच्या आत रिकामी. त्या केसभरात मेस्त्रींची सगळी विद्या होती.

ही विद्या त्यांनी शाळेत मिळवलेली नव्हती. पंधराव्या वर्षी ते पंख्याच्या मोटारी गुंडाळणाऱ्या एका दुकानात लागले. तिथला उस्ताद मारत नसे, शिव्याही देत नसे. चूक दिसली की गुंडाळलेली सगळी तार उलगडायला लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. 'त्यापेक्षा मार बरा होता,' असं मेस्त्री अजून म्हणत. पण त्या उलगडण्यामुळे जळलेली गुंडाळी त्यांना वासावरून कळायची, आणि चांगल्या गुंडाळीवर ते तळहात नाही, हाताची मागची बाजू टेकवून बघायचे, आई लेकराचा ताप बघते तशी. पुढे अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या कामाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. लिफ्टमध्ये माणूस अडकला की शिव्या मेस्त्रीला, आणि सुटला की आभार देवाचे. "इथे बरं आहे वहिनी, अडकतात ती अस्वलं. तोंड असून बोलत नाहीत."

लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. पहिल्यांदा मुलीकडच्यांनी नकार दिला, दुसऱ्यांदा मेस्त्री मुलगी बघायला गेले आणि त्यांच्या घरातलं शिवणयंत्र अडखळतंय हे ऐकून तेच उघडून बसले. मुलीचा चेहरा कसा होता ते त्यांना घरी येऊन सांगता आलं नाही. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. भावाच्या घराच्या माडीवर त्यांची खोली. औषधांच्या रिकाम्या डब्यांतून लहान लहान स्विच, दोऱ्यांची रिळं, स्प्रिंगा. प्रत्येक डबीवर चिठ्ठी. जेवण खाली, वहिनींच्या हातचं. ताट पुढे आलं की आधी पंख्याकडे बघायचं, तो कुरकुरतोय का, आणि मग जेवायचं.

वहिनींना गेम झोनमध्ये त्यांनीच लावलं होतं, सहा वर्षांपूर्वी, लेक परगावी गेली तेव्हा. "दिवसभर भिंतींशी बोलता, त्यापेक्षा अस्वलांशी बोला," म्हणाले. वहिनींचं काम पेट्या भरायचं. खेळणी झटकायची, उसवलेली शिवायची, एकमेकांत अडकणार नाहीत अशी रचायची. काचेच्या पेटीत डोकं घालून, मनात नाम घेत, एकेक ससा एकेक माकड मांडताना त्यांचा जीव रमायचा. देवाच्या दारात बसून करावं असं हे काम नव्हे, पण हात चालू असले की नाम आपोआप चालतं, हा त्यांचा अनुभव.

आणि मशीनची देखभाल म्हणजे काय हे त्यांनी तिथेच पाहिलं. मेस्त्री सकाळी आठला हजर. झाडलोट करणाऱ्यापुरत्या दोनच ट्यूब लागलेल्या असायच्या. मेस्त्री तिपाई टाकून मागचं दार उघडायचे. खेळण्यांची बारीक लव उडून वरच्या रुळांवर बसते आणि पंजा मध्येच अडखळतो, म्हणून जुन्या दातांच्या ब्रशने ती झाडायची. रुळांना तेल लावायचं नाही, तेलावर लव चिकटते. बोटभर पावडर पुरते. पंजा ज्या दोरीला लटकतो ती नेहमी चाकावरून वळते त्याच जागी झिजते, तेव्हा तुटायची वाट बघायची नाही. दांडीखालचे चार स्विच कानाने तपासायचे, प्रत्येकाची टिक वेगळी. आणि सगळ्यात शेवटी तो स्क्रू. स्क्रूवर वहिनींच्या लेकीने मागे ठेवलेल्या नखांच्या रंगाने केसाएवढी लाल रेघ ओढायची, म्हणजे कुठे ठेवला होता ते कळतं. हे सगळं गेम झोन उघडण्याआधी. कारण मेस्त्रींचा एक नियम होता, आणि तो वहिनींना पाढ्यासारखा पाठ झाला होता: गार मशीन जुळवायचं, गरम मशीनला हात लावायचा नाही.

"का हो भाऊजी?" त्यांनी पहिल्या वर्षीच विचारलं होतं.

"गुंडाळी तापली की जोर उतरतो. आपल्यासारखंच आहे. सकाळी डब्याचं झाकण झटक्यात उघडतं, संध्याकाळी तेच झाकण नवऱ्याकडे द्यावं लागतं."

"मी नाही देत कुणाकडे."

"तुमची गुंडाळी वेगळी आहे."

मुलं म्हणायची, काका, तुमचं मशीन चोर आहे. मेस्त्री म्हणायचे, मशीनला खिसा नसतो रे, चोरी करून ठेवणार कुठे. असा माणूस. सोळा वर्षांत त्यांच्यावर कुणी बोट उचललं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी मेस्त्री सकाळचे यायचे बंद झाले. दुपारी बाराला यायला लागले. मॅनेजरला म्हणाले, वय झालं, सकाळी उठवत नाही. वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कारण त्याच सकाळी पाच वाजता त्यांनी माडीवर पावलांचा आवाज ऐकला होता. मेस्त्री गच्चीत नुसते बसून होते. रोजच बसत. उठवत नाही म्हणणारा माणूस पाचला उठून अकरापर्यंत घरात बसतो, याचा अर्थ काय?

मग खांबाजवळची तीन मशीनं दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली. बाकीची सहा होती तशीच. वहिनी खेळणी भरून दमायच्या, मेस्त्री विचारलं की म्हणायचे, "लोकांचा हात बसला असेल." आणि मग वहिनींना टिपके दिसले. एरवी स्क्रूवर केसाएवढी रेघ असायची. आता त्या तीन मशीनवर, आत स्क्रूपाशीही आणि पंज्याच्या डोक्यावरही, वाटाण्याएवढे लाल टिपके. काचेतून बाहेरून दिसावेत असे. नेमके त्या तिन्हींवर.

आणि एक नर्सबाई. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, निळ्या स्वेटरमधल्या, साठी उलटलेल्या बाई. गेम झोन उघडला की पहिल्या आत यायच्या, इकडे तिकडे न बघता खांबाजवळच्या मशीनपाशी जायच्या, तासाभरात तीन-चार खेळणी कापडी पिशवीत घालायच्या आणि निघून जायच्या. दुपारी कधी येत नसत. फक्त एकदा आल्या होत्या, तेव्हा वहिनींनी पाहिलं: खांबाच्या आड बाई मेस्त्रींच्या अगदी चेहऱ्याजवळ तोंड नेऊन काहीतरी हळू सांगत होत्या. वहिनी दिसल्या आणि मेस्त्रींनी हाताने त्यांना गप्प केलं.

बाई लग्नाच्या वयाच्या असत्या तर वहिनींना आनंदच झाला असता. पण चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. ते काहीतरी लपवायचंच बोलणं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. बाइंडिंगच्या कारखान्यात काम करणारा हा गृहस्थ, धाकट्या भावावर त्याचा आंधळा विश्वास. "तो आणि लबाडी? लहानपणी आम्ही पेरू चोरायला गेलो, तर यानं मालकाला हाक मारून विचारलं, कुठल्या फांदीचे गोड आहेत म्हणून. मार मी खाल्ला."

"तेव्हाचं वेगळं. माणसं बदलतात."

"बदलायला तो कधी घराबाहेर पडला? तू उगाच सुतावरून स्वर्ग गाठतेस."

वहिनींना हसू आलं नाही. त्यांना झोपही धड येईना. आणि आठ दिवसांपूर्वी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, खांबाजवळची मशीनं अशी का रिकामी होतात, तुम्हाला काही वाटतं का? मॅनेजर तसा बरा माणूस, लेकाच्या वयाचा. वहिनी म्हणाल्या, "मला काही माहीत नाही. पण त्या तीन मशीनवर लाल टिपके कशाला आहेत, तेवढं मेस्त्रींना विचारा."

एवढंच. यात खोटं एक अक्षर नव्हतं. तरी त्या संध्याकाळी देवापुढे बसल्या तर नाम पुढे सरकेना. जीभ दर दोन शब्दांनी अडखळायची, लव बसलेल्या रुळावरच्या पंज्यासारखी. खरं बोलले ना मी, असं त्या देवाला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. देव काही म्हणाला नाही. परवा मॅनेजरने चाव्या आणायला सांगितलं आणि वर म्हणाला, मशीनच्या कंपनीचा माणूस पुढच्या महिन्यापासून येणार आहे. तुम्हीही या, समोरासमोर होऊन जाऊ दे.

म्हणजे आज चाव्या जाणार. सोळा वर्षं जाणार. आणि जाताना कपाळावर चोर असा शिक्का घेऊन जाणार. खरोखर चोर असतील तर जायलाच हवं, असं वहिनी स्वतःला समजावत होत्या. पण 'असतील तर' एवढ्यावर त्यांचं पाऊल दर वेळी अडत होतं.

पुलानंतर रस्ता रुंद होतो. समोरच्या पदपथावरून निळं स्वेटर येताना वहिनींना लांबूनच दिसलं. नर्सबाईच. बाईंनी मेस्त्रींना पाहिलं, हसल्या, हात वर करून हलवला. वहिनींनी मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री सरळ समोर बघत पुढे गेले. मान वळली नाही, पापणी हलली नाही. बाईंचा हात हवेतच राहिला. मग त्या वहिनींकडे बघून जराशा ओशाळल्या आणि निघून गेल्या.

वहिनींचा संशय आता पक्का झाला. ओळखीच्या माणसाला भर रस्त्यात अनोळखी करतो तो उगाच नव्हे.

"भाऊजी, ओळख दाखवायला लाज वाटते का?"

"कुणाला?"

"त्या नर्सबाई आत्ता समोरून गेल्या. हात केला त्यांनी."

मेस्त्री क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू लागले. "हो, दिसल्या की. रोज रोज काय बोलायचं."

"रोज बोलता म्हणजे?"

"तसं नव्हे. बोलण्यासारखं काही नव्हतं, असं म्हणतोय."

"खांबाच्या आड बोलण्यासारखं असतं वाटतं."

मेस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वहिनींनी मनाशी म्हटलं, सापडला. पण सापडला म्हणून जे समाधान वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही.

बँकेच्या इमारतीवर मोठं गोल घड्याळ आहे. ते गेले दोन महिने बंद आहे, सव्वातीनवर. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याला नावं ठेवतो. वहिनींना त्याचं भान नव्हतं. त्यांना उशीर तर होत नाही ना एवढंच बघायचं होतं, आणि काहीतरी बोलून ती शांतता मोडायची होती.

"किती वाजले बघा हो."

मेस्त्रींनी मान वर केली, घड्याळाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "पावणेदहा होत आले. घड्याळच सांगतंय."

वहिनी जागीच थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. काटे सव्वातीनवर. त्यांनी पुन्हा मेस्त्रींकडे पाहिलं. ते अजून मान वर करून, डोळे बारीक करून बघत होते, शाळेत न आलेलं उत्तर येतंय असं दाखवणाऱ्या मुलासारखे.

"भाऊजी, ते घड्याळ बंद आहे."

"असं?"

"दोन महिने. सव्वातीन वाजलेत त्यात."

मेस्त्रींनी मान खाली घेतली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग बँकेच्या पायरीला पायाने चाचपून हळूच बसले.

"नर्सबाई दिसल्या नव्हत्या ना तुम्हाला?"

"कुणीतरी निळं गेलं एवढं कळलं."

वहिनी उभ्याच राहिल्या. मेस्त्रीच बोलायला लागले, समोरच्या रस्त्याकडे बघत, जणू मशीनचा बिघाड सांगताहेत.

"पहिल्यांदा स्क्रूची खाच दिसेनाशी झाली. वाटलं, ट्यूब मंद झाली. ट्यूब बदलायला लावली. तरी तेच. दुपारी सगळे दिवे लागले की अंदाजाने तरी दिसतं, म्हणून दुपारी यायला लागलो. नेमक्या तेव्हाच खांबाजवळच्या तिन्ही मशीनच्या गुंडाळ्या नव्या बसवल्या होत्या. त्या जुळवायच्या होत्या. बाकीच्या सहांना जुनी खूण होती, मी हातच लावला नाही."

"आणि टिपके?"

"रेघ दिसत नाही म्हणून टिपका काढला. तो दिसेना म्हणून मोठा काढला. कुठल्या मशीनचं काम चालू आहे ते लांबून कळावं म्हणून पंज्यावरही काढला. आता तोही धुरकट दिसतो."

वहिनी हळूहळू पायरीवर टेकल्या. पाढा त्यांना पाठ होता. तो आता आपणहून त्यांच्या तोंडून आला. "म्हणजे तुम्ही गरम मशीन जुळवलीत."

"हो."

"भरदुपारी, तापलेली."

"तापून जोर उतरलेला असताना बरोबर जुळवली. रात्रभर गार झाली की सकाळी तोच पंजा दुप्पट घट्ट. सकाळी जो येईल त्याला भरभरून देणार. नर्सबाईंनी ते ओळखलं. हुशार आहेत. जन्मभर सकाळच्या पाळीला ताप मोजलाय त्यांनी." मेस्त्री जरा हसले. "एखाद्या नवशिक्याने केलं असतं, तर मी त्याला सगळी तार उलगडायला लावली असती."

"तुम्हाला कळलं कधी?"

"पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या त्याच आठवड्यात. ते कळायला डोळे लागत नाहीत."

"मग सांगितलं का नाहीत?" वहिनींचा आवाज चढला. "दोन महिने तुमच्याकडे बघून मी..." पुढचं त्यांनी गिळलं.

"सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मॅनेजर सकाळी जुळवा म्हणेल. सकाळी दिसत नाही म्हणू? दिसत नाही म्हटल्यावर मेस्त्री कुणाचा? वहिनी, चोर म्हणून काढलं तर दुसरीकडे काम मिळतं. लोक म्हणतात, हात तरी चांगला आहे, लक्ष ठेवू. आंधळा म्हणून काढलं तर हातात पाना-पक्कडसुद्धा देत नाहीत."

हे इतकं वाकडं होतं की खरंच असणार. तरी वहिनींच्या मनात एक कोपरा अजून बघत बसला होता. हेही रचलेलं नसेल कशावरून? खांबाआडचं बोलणं राहिलंच की. संशय हा असा पाहुणा आहे, की या आता म्हटलं तरी दारात चपला शोधत रेंगाळतो.

"आणि बाई त्या दिवशी कानात काय सांगत होत्या?"

"कानात नव्हे, डोळ्यात. पापणी ओढून बघितलं त्यांनी. मोतीबिंदू आहे म्हणाल्या, दोन्हीकडे. काढून टाकला की स्वच्छ दिसेल, पण वेळ घालवू नका. तेवढ्यात तुम्ही आलात. घरी कळेल म्हणून गप्प केलं मी त्यांना."

"म्हणजे निघण्यासारखं आहे? मग डॉक्टरकडे का गेला नाहीत?"

"गेलो असतो तर त्यानेही तेच सांगितलं असतं."

"भाऊजी."

"हो, कळतंय. दुसऱ्याचं मशीन असतं तर पहिल्याच दिवशी उघडलं असतं." मेस्त्रींनी गुडघ्यावर हात घासले. "एक डोळा, मग दुसरा, महिना दोन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. तेवढ्यात कंपनीचा एखादा माणूस येऊन बसला की झालं. रिकामी जागा मशीनला चालत नाही आणि मॅनेजरलाही."

वहिनींना त्या क्षणी देवाची आठवण झाली ती आभाराची नव्हती. आठ दिवस अडखळलेल्या नामाचं कारण आता त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी जे सांगितलं ते सगळं खरं होतं. त्यांनी फक्त ते ज्याचं होतं त्याला आधी विचारलं नव्हतं. एका ताटलीतली चटणी कमी झाली तरी घरात सगळ्यांना विचारणाऱ्या बाईने हे एवढं मात्र विचारलं नव्हतं.

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर होतोय." आणि या वेळी दोन पावलं मागे न राहता त्यांनी मेस्त्रींच्या भिंतीकडच्या हाताखाली आपला हात घातला. खणलेल्या रस्त्याचा भाग आला तिथे "खाली खड्डा आहे" एवढंच वहिनी बोलल्या, आणि पुढे "संपला".

इमारतीचं मोठं दार उघडलेलं होतं. सरकता जिना अजून बंद होता. तिसऱ्या मजल्याच्या काचेमागे मॅनेजर फोनवर बोलत येरझाऱ्या घालताना दिसत होता. वहिनींनी ते मेस्त्रींना सांगितलं नाही. त्या पहिली पायरी चढणार तोच मेस्त्रींनी हात सोडवला.

"वहिनी, टिपक्यांचं त्याला तुम्ही सांगितलंत."

नाही म्हणणं वहिनींना आयुष्यात जमलं नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या. "कसं कळलं?"

"चाव्या मागवल्या म्हणजे कुणीतरी बोललंय, आणि टिपक्यांचं मघाशी तुम्हीच विचारलंत. पेटीत डोकं घालणारे आपण दोघंच. मी सांगितलं नाही." मेस्त्री पायरीच्या कडेला बुटाचं टोक लावून तिची उंची चाचपत होते. "राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर महिनाभर आधीच सांगितलं असतं."

"मला आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर मी थट्टा केली असती. तुम्ही ओळखताच मला. आत्ताही वर गेलो, त्याने विचारलं, की काहीतरी वाकडंच बोलून बसेन. म्हणेन, टिपके नजर लागू नये म्हणून काढलेत. आणि चाव्या टेबलावर ठेवून खाली येईन. दिसत नाही, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. तीन महिने रोज सकाळी गच्चीत बसून म्हणून बघितलेत. निघत नाहीत."

वर मॅनेजरने फोन ठेवला आणि घड्याळात बघितलं.

"तर असं करा," मेस्त्री म्हणाले. "पहिलं तुम्ही सांगितलंत, तसं हेही तुम्हीच सांगा त्याला. सगळं सांगा. गरम मशीनला हात लावला तेही सांगा, ते लपवू नका. मी शेजारी उभा राहतो, कशालाच नाही म्हणणार नाही. फक्त सांगताना माझ्याकडे बघू नका."